मुलांना अभिमान दिला, आता दुःख बोलायची भाषाही द्या

भूक, तहान आणि झोप घेऊन मूल जन्माला येते. लाज घेऊन कोणतेच मूल जन्माला येत नाही. विटाळ, किळस, आपण कमी आहोत ही भावना, समोरचा हलका आहे ही भावना, यातले काहीही पाळण्यात नसते. ते नंतर शिकवले जाते. आई-वडील शिकवतात, आजी शिकवते, शेजार, शाळा, देऊळ, पुस्तक, टीव्ही आणि आता मोबाइल शिकवतो. या सगळ्याला मिळून आपण संस्कृती म्हणतो, आणि तिने मुलाच्या मनात जे उतरवले त्याला संस्कार म्हणतो. 'संस्कार' हा शब्द आपल्याकडे इतका पवित्र करून ठेवला आहे की त्याची तपासणी करणाऱ्यालाच असंस्कृत ठरवले जाते. पण तपासल्याशिवाय काहीही स्वीकारू नका हे ज्यांना शिकवले गेले आहे, त्या आंबेडकरी तरुणांनी तरी ही तपासणी टाळू नये.

या लेखात आम्ही दोन प्रश्न विचारणार आहोत. पहिला, मराठी समाजाच्या मुख्य प्रवाहाने मुलांच्या भावना कशा घडवल्या? दुसरा, आपण आंबेडकरी बौद्धांनी आपल्या मुलांच्या भावना कशा घडवल्या? पहिला प्रश्न आपण आवडीने विचारतो. दुसरा सहसा विचारत नाही. आमच्या मते आज दुसरा प्रश्न जास्त तातडीचा आहे.

भावनांनाही नियम असतात

राग येणे, रडू येणे या गोष्टी नैसर्गिक आहेत, त्यात संस्कृतीचा काय संबंध, असे अनेकांना वाटते. पण कोणी, कोणासमोर, कोणत्या वेळी रागवायचे आणि रडायचे याचे नियम प्रत्येक समाजात असतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९७९ मध्ये यालाच भावनांचे नियम म्हटले. मयताच्या घरी हसू आले तरी दाबायचे, लग्नात रडू आले तर फक्त पाठवणीच्या वेळी रडायचे, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. तरी आपण ते पाळतो.

जीन ब्रिग्ज या मानववंशशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात कॅनडाच्या अतिशीत प्रदेशात एका इनुइट कुटुंबात राहिल्या. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी नोंदवले की तिथली मोठी माणसे रागावतच नाहीत, मुलांवर तर नाहीच. राग हे तिथे पोरकटपणाचे लक्षण समजले जाते. लहान मूल चिडते, आदळआपट करते, पण मोठे होता होता ते शांत होत जाते, कारण भोवती कोणी चिडलेले त्याला दिसत नाही. म्हणजे 'आमचं पोरगं मुळातच तापट आहे' हे आपण म्हणतो, त्यातले 'मुळातच' किती आणि आपण दिलेले किती, हे विचारायला जागा आहे.

आपल्या देशात या नियमांना जात चिकटलेली आहे. गावात बड्या घरचा मुलगा चिडला तर त्याला 'पाणीदार' म्हणतात. आपला मुलगा तसाच चिडला तर 'माज आलाय' म्हणतात. दोघांचे वय एक, भावना एक, पण शब्द दोन. पहिल्या मुलाला कळते की आपला राग रास्त असतो. दुसऱ्याला कळते की आपला राग धोक्याचा असतो, तो आवरला नाही तर मार बसेल, कदाचित बापालाही बसेल. हे शिकवायला कोणी मनुस्मृती उघडत नाही. पारावरच्या दोन वाक्यांत ते होते.

नाशिक, १९३३

आमच्या नाशिक शहरातच याचे फार बोलके उदाहरण आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जवळपास पाच वर्षे चालवला. बायाबापड्या सत्याग्रहात बसल्या, तुरुंगात गेल्या, रामाच्या रथाच्या वेळी दगड खाल्ले. हा सत्याग्रह चालू असतानाच, फेब्रुवारी १९३३ मध्ये, स्वातंत्र्य चळवळीतील कैदी म्हणून नाशिकच्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिले. मराठी घरांतून मुलांच्या भावनांचे शिक्षण ज्या एका पुस्तकाने सर्वाधिक केले असेल ते हेच. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुले ते वाचत आणि रडत आली.

साने गुरुजींबद्दल आम्हाला आदर आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले होते, हे आम्ही विसरत नाही. म्हणूनच त्यांच्या पुस्तकातला एक प्रसंग काळजीपूर्वक वाचला पाहिजे. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडते. तिला ती डोक्यावर घेता येत नाही. श्यामची आई श्यामला ती मोळी चढवून द्यायला सांगते. आणि शिवाशिवीचा प्रश्न? तो घरी येऊन अंघोळ केल्याने सुटतो.

त्या काळाच्या मानाने त्या आईचे हे वागणे धाडसाचे होते, हे मान्य. पण त्या मुलाच्या मनात काय उतरले ते पाहा. एका हाताने करुणा दिली आणि दुसऱ्या हाताने विटाळ दिला. म्हातारीची दया यावी हे तो शिकला, आणि तिच्या स्पर्शानंतर अंगावर पाणी घ्यावे लागते हेही शिकला. आजही आपल्याभोवती अशी माणसे आहेत, जी आपल्याशी अत्यंत गोड बोलतात, आपल्या मुलाला वह्या-पुस्तके देतात, पण घर भाड्याने देताना आडनाव विचारतात. ती ढोंगी असतातच असे नाही. त्यांना लहानपणी दोन्ही गोष्टी एकाच धड्यात मिळालेल्या असतात.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. पुस्तकातल्या श्यामला रडायला आई आहे, त्याचे अश्रू ऐकायला रोज रात्री माणसे बसतात, पुढे अख्खा महाराष्ट्र बसतो. पण त्या म्हातारीच्या घरी नातू असेल ना? त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिने त्याला काय सांगितले असेल? 'एका पोराने मोळी दिली' हे सांगितले असेल, की 'मग तो अंघोळीला गेला' हेही सांगितले असेल? त्या नातवाला काय वाटले असेल? हे लिहिणारे कोणी नव्हते. मराठी बालमनाचे वर्णन करणाऱ्या साहित्यात त्याचे मन बराच काळ आलेच नाही.

गोणपाटावरचे मूल

ते मन लिहिले बाबासाहेबांनी. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटेसे आत्मकथन सर्वांना माहीत आहे, पण ते बालमनाची नोंद म्हणून आपण फारसे वाचत नाही. साताऱ्याच्या शाळेत बसायला त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे आणि रोज ते परत आणावे लागे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपाई नळ सोडेपर्यंत थांबायचे, शिपाई नसेल तर पाणी नाही. १९०१ मध्ये, नऊ वर्षांचे असताना, वडिलांना भेटायला भावाभाच्यासह ते रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर नवे कपडे, मनात आनंद. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाल्याने दुप्पट भाडे घेऊनही गाडी मुलांनाच हाकायला लावली. जवळ अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही, आणि रात्र उपाशी काढावी लागली.

आपण या प्रसंगांचा पुरावा म्हणून उपयोग करतो आणि पुढे जातो. मुलाच्या मनाच्या अंगाने वाचले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्याच आठवणींत बाबासाहेब सांगतात की न्हावी आमचे केस कापत नसे म्हणून थोरली बहीण कापायची, आणि कापून कापून ती त्यात चांगली तरबेज झाली होती. धोबी आमचे कपडे धूत नसे म्हणून कपडेही बहिणीच धूत. बाहेरचे जग ज्या डोक्याला हात लावत नव्हते, त्या डोक्यावरून घरात बहिणीचा हात रोज फिरत होता. त्या घरात शिस्तीचे आणि शिक्षणाचे वेड असलेले वडील होते, आई गेल्यावर सांभाळणारी आत्या होती, कबीरपंथी भजने होती. अपमान सोसूनही ते मूल आतून मोडले नाही, यात त्या घराचा वाटा फार मोठा आहे. बाहेरचा अपमान थांबवणे त्या घराच्या हातात नव्हते. पण तो अपमान झेललेल्या मुलाला जवळ घेणे त्याच्या हातात होते.

जातीची जाणीव मुलाच्या मनावर आणि बुद्धीवर काय करते याचा एक प्रयोगही झाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले उच्च जातींची, निम्मी दलित. जागतिक बँकेने २००४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. पण सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडीही त्याच प्रकारची. मध्ये फक्त एक वाक्य आले होते.

आता आपल्या शाळा आठवा. शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते. 'एस्सीवाले उभे राहा' असे सांगितले जाते. त्यात त्या शिक्षकाचा वाईट हेतू असेलच असे नाही. पण परीक्षेच्या आठवड्यात ती यादी वाचली गेली तर त्या मुलाच्या मार्कांवरही तिची सावली पडू शकते, आणि तो दोष पुन्हा त्याच्या 'गुणवत्ते'वर टाकला जातो.

चळवळीने काय केले

आंबेडकरी चळवळीने हक्क दिले, नोकऱ्या दिल्या, धम्म दिला, हे आपण सांगतो. तिने आपल्या भावना बदलल्या हे सांगायचे राहते. लाजेच्या जागी अभिमान आणि भीतीच्या जागी त्वेष आणणे हे एका पिढीत घडलेले मोठे काम आहे, आणि त्यात नाशिक जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गात राहिले. ज्या माणसांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांना गाण्यातून कळले की आपण हलके नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्याचा राजकीय अर्थ मोठा आहेच. पण त्या सभेहून परतलेल्या बापाने घरी मुलाकडे ज्या नजरेने पाहिले असेल, ती नजरही वेगळी असेल.

ज्यांना बोलता येत नव्हते ती लाज साहित्यातही बोलू लागली. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल यांनी १९६३ मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह दिला. त्या शीर्षकात जी अस्वस्थता आहे ती आजही भाड्याने घर शोधणाऱ्या, ऑफिसात आडनाव गुळमुळीत सांगणाऱ्या आपल्या कितीतरी तरुणांच्या पोटात आहे.

आपल्या मुलांची नावे बदलली. धोंड्या, दगडू जाऊन सिद्धार्थ, राहुल, प्रज्ञा, संघमित्रा आली. वस्तीत कमान उभी राहिली, विहार झाले, एप्रिल महिना मुलांसाठी वर्षातला सर्वांत मोठा सण झाला. चौदा एप्रिलला नवे कपडे घालून, निळा फेटा बांधून बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद हे या चळवळीचे फार मोठे यश आहे. डीजेवरून आपल्याला नावे ठेवणाऱ्यांनी तो चेहरा एकदा पाहावा.

पण इथेच आपण थांबलो

आता दुसरा प्रश्न. आपण आपल्या मुलांना अभिमान दिला, राग दिला. दुःख, भीती, लाज बोलायची परवानगी दिली का?

नाशिकरोड, सातपूर, पंचवटीच्या वस्त्यांत मुलांच्या अभ्यासिका आणि रविवारचे वर्ग चालवताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मुलाला 'बाबासाहेबांबद्दल पाच वाक्ये बोल' म्हटले की तो छाती काढून बोलतो. त्यालाच 'शाळेत तुला कधी वाईट वाटलं का?' विचारले की मान खाली जाते. मग कोणीतरी मोठा माणूस मध्येच म्हणतो, 'वाईट कशाला वाटेल? वाघ आहे तो बाबासाहेबांचा!' पोरगा हसतो आणि विषय संपतो. पण शाळेत काय झाले ते त्याच्या पोटातच राहते.

आपल्या घरात 'रडू नको, बाबासाहेब रडले असते का?' हे वाक्य सर्रास ऐकू येते. परीक्षेत मार्क कमी पडले तर 'बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुला लाइट असून जमत नाही?' असे म्हटले जाते. ज्या बाबासाहेबांनी मुलाच्या पाठीशी उभे राहायचे, त्यांनाच आपण छडी करून टाकले. मग मूल दोन ठिकाणी कमी पडते. वर्गात जातीमुळे आणि घरात बाबासाहेबांच्या मानाने. पहिल्या ठिकाणचे दुःख दुसऱ्या ठिकाणी सांगण्याची सोय राहत नाही.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. मुलाला राग तरी परवानगीने मिळतो. मुलीने चिडायचेही नाही. 'आपल्याकडे आधीच सगळे बोट दाखवायला टपलेत, तू जपून राहा' हे तिला सातवीपासून सांगितले जाते. समाजाची सगळी इज्जत तिच्या दप्तरात भरून तिला शाळेत पाठवले जाते. रस्त्यात कोणी छेड काढली तर ती घरी सांगत नाही, कारण शाळा बंद होईल ही भीती तिला छेडीपेक्षा मोठी वाटते. विषमता तोडण्याची बावीस प्रतिज्ञांची चौकट भिंतीवर लावलेल्या घरात हे घडते, तेव्हा ती चौकट नुसती शोभेची ठरते.

पुढे हीच मुले वसतिगृहात जातात, पुण्या-मुंबईला कॉलेजात जातात, स्पर्धा परीक्षेच्या खोल्यांत चार-चार वर्षे काढतात. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. या मृत्यूंना संस्थांमधला जातिभेद जबाबदार आहे हे आपण ठणकावून सांगितले, सांगतच राहू. घरच्यांनी ऐकले असते तर ते वाचले असते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो दोष पीडितांवर ढकलणे होईल. पण जी मुले आज हयात आहेत, खोलीचे दार लावून बसली आहेत, फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणत आहेत, त्यांना घरी खरे सांगता येईल असे घर देणे हे कोणत्याही संस्थेचे नव्हे, आपलेच काम आहे.

आक्षेप आणि उत्तर

हे बोलले की कार्यकर्त्यांकडून दोन आक्षेप येतात.

पहिला, भावना वगैरे हे भरल्या पोटाचे चोचले आहेत, आपल्यापुढे खासगीकरण, बेरोजगारी, अत्याचार हे खरे प्रश्न आहेत. याला आमचे उत्तर असे की जातिव्यवस्था पोटावर मारते तशीच मनावर मारते, हे तर बाबासाहेबांचे आयुष्यभराचे सांगणे आहे. अस्पृश्यतेचा प्रश्न फक्त भाकरीचा असता तर चवदार तळ्यावर जायची गरज काय होती? पाणी दुसरीकडेही मिळाले असते. तो माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता, आणि ती प्रतिष्ठा शेवटी माणसाला आत जाणवावी लागते.

दुसरा आक्षेप, अशाने पोरे हळवी आणि कमकुवत होतील, लढाऊपणा जाईल. हा आक्षेप जास्त गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर थेट बाबासाहेबांच्या लिखाणातून पाहू. परदेशात शिकून आल्यावर बडोद्यात राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. एके सकाळी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून हाकलले. हा प्रसंग लिहिताना ते नोंदवतात की अठरा वर्षे झाली तरी तो आठवला की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही. म्हणजे महाडचा सत्याग्रह केलेला, गोलमेज परिषदेत ब्रिटिशांसमोर उभा राहिलेला माणूस आपले अश्रू लपवत नाही, उलट छापण्यासारख्या मजकुरात लिहून ठेवतो. १९२६ मध्ये लाडका मुलगा राजरत्न गेला तेव्हा मित्राला लिहिलेल्या पत्रातही त्यांनी आपले कोसळणे लपवले नाही. त्यांच्या अश्रूंमुळे त्यांचा लढा कमकुवत झाला असे कोणी म्हणेल का?

'बाबासाहेब रडले असते का?' या प्रश्नाचे खरे उत्तर हेच आहे. होय, ते रडले. रडून झाल्यावर लढले. आपण मुलांना फक्त दुसरे वाक्य सांगतो.

राहुलला बुद्धाने कसे शिकवले

मुलाला कसे वाढवावे याचा नमुना आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. मज्झिम निकायात बुद्धाने राहुलला केलेला उपदेश आहे. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. विषय खोटे बोलण्याचा. बुद्ध त्याला नरकाची भीती घालत नाहीत, 'माझा मुलगा असून?' असे म्हणत नाहीत. पाय धुवून भांड्यात उरलेले थोडेसे पाणी त्याला दाखवतात, मग ते ओतून देतात, मग भांडे उपडे करतात, आणि प्रत्येक वेळी त्याला प्रश्न विचारतात. मग आरशाचे उदाहरण देतात. आरशात जसे पाहतो तसे आपल्या कृतीकडे, बोलण्याकडे, विचाराकडे पाहायचे. करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर. याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होते का? हा उपदेश इतका महत्त्वाचा मानला गेला की सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू आणि उपासकांना तो वारंवार ऐकायला सांगितले.

यात धाक नाही, तुलना नाही, लाजवणे नाही. मुलाला स्वतःच्या मनाकडे पाहायला शिकवणे आहे. ज्याला स्वतःच्या मनात काय चालले आहे ते ओळखता येते, त्याला राग कधी वापरायचा आणि कधी आवरायचा हेही कळते. शीलाची सुरुवात इथून होते. आपण मात्र मुलांकडून पंचशील पाठ करून घेतो आणि वंदनेत आवाज चुकला तर टपली मारतो.

करता येण्यासारखे

मित्रांनो, नुसती टीका करून थांबायचे नाही म्हणून काही गोष्टी सुचवतो. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना पैसा लागत नाही.

विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास मुलांचा ठेवा. त्यात भाषण नको. मुलांनी बोलायचे, मोठ्यांनी ऐकायचे. 'या आठवड्यात कशाने वाईट वाटलं, कशाने छान वाटलं' एवढेच विचारा. सुरुवातीला कोणी बोलणार नाही. दोन-तीन महिने धीर धरा.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'चा मराठी अनुवाद मुलांना वाचून दाखवा, आणि 'यातून काय बोध घेतला?' हा शाळकरी प्रश्न विचारू नका. 'भीमला तेव्हा काय वाटलं असेल? तुला असं कधी वाटलं का?' हे विचारा. मुलाच्या तोंडून पहिल्यांदा शाळेतली गोष्ट बाहेर येईल, आणि ती लाजेची गोष्ट नाही हे त्याला कळेल, कारण ती बाबासाहेबांच्याही बाबतीत घडली आहे. बाबासाहेब छडी नव्हेत, सोबती होतील.

मुलाने अपमान सांगितला तर लगेच 'तू काय केलं होतंस?' असे विचारू नका, आणि लगेच 'दाखव कोण तो' म्हणत हातही उगारू नका. आधी एक वाक्य बोला, 'यात तुझी काही चूक नाही.' मग पुढचे ठरवा. मुख्याध्यापकांना लेखी द्यायचे की समाजकल्याण खात्याकडे जायचे की अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घ्यायचा, हे मोठ्यांचे काम आहे. मुलाच्या डोक्यावर ते ओझे नको.

पालक सभेत जा आणि एक साधी मागणी करा. शिष्यवृत्तीची, जातीच्या दाखल्यांची यादी वर्गात वाचायची नाही. पालकांना बोलावून किंवा चिठ्ठी देऊन काम करायचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मुलांच्या सामाजिक आणि भावनिक शिक्षणाची भाषा आहे. त्या भाषेत जात हा शब्द कुठे बसतो, हे प्रत्येक शाळेला विचारणे आपले काम आहे. मुलांना 'सहानुभूती' शिकवताना विटाळाबद्दल गप्प बसले, तर तो पुन्हा मोळी उचलून अंघोळ करण्याचाच धडा होईल.

आणि बापांनी घरात बोलावे. आपल्या घरात आईचे रडणे मुलांनी पाहिलेले असते, बापाचे नाही. कंपनीत सुपरवायझरने काय ऐकवले, घरमालकाने काय विचारले, तेव्हा मला काय वाटले आणि मी काय केले, हे बापाने मुलाला सांगितले तर मुलाला दोन गोष्टी कळतील. दुखावले जाणे हा कमीपणा नाही, आणि दुखावल्यावरही माणूस उभा राहतो.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने काळारामाच्या दारात पाच वर्षे उभे राहून लाज झटकली. आपल्या आई-वडिलांच्या पिढीने अभिमानाने मान वर केली. त्यांचे काम त्यांनी केले. आता ज्या मुलांची मान वर आहे त्यांचे डोळे भरून आले तर ते पुसायला, आणि त्याआधी ते का भरले हे ऐकायला, आपण घरात असायला हवे. समता आधी कायद्यात आली, ती अजून समाजात यायची आहे. निदान आपल्या घरातल्या लहान माणसाशी बोलताना तरी ती आपण आणू शकतो.

जय भीम!